क्रांतीची जाहिरात आणि शालनताईंचा खो-खो

शालन मगदूम यांना विद्यापीठात पूर्ण नावानं हाक मारणारं कुणी नाही. मुली 'ताई' म्हणतात, शिपाई 'मगदूम बाई' म्हणतात आणि क्रीडा संचालक चिडलेले असले की 'मॅडम' म्हणतात. कागल रस्त्याला जे दूधगंगा विद्यापीठ आहे, तिथं त्या चोवीस वर्षं मुलींना खो-खो शिकवतात. कबड्डीला माणूस नसला तर कबड्डीही बघतात, आणि हॉस्टेलात कुणी तापानं फणफणली तर रिक्षा बोलावून दवाखानाही त्याच गाठतात. सकाळी साडेपाचला मैदानाचं फाटक उघडायचं, चुन्याच्या रेघा नीट आहेत का बघायच्या, खांब हलवून बघायचे, आणि मग आरोळी ठोकायची. ती आरोळी हायवेवरच्या चहाच्या टपरीपर्यंत जाते. टपरीवाला म्हणतो, बाईंचा आवाज आला की मी दुसरं आधण ठेवतो.

पहिली अकरा वर्षं त्या तात्पुरत्या होत्या. दर जूनमध्ये नवा आदेश हातात पडेपर्यंत जीव टांगणीला. तरी कुठल्या जूनमध्ये मैदान सुनं राहिलं नाही. आदेश येवो न येवो, पोरी येतातच, असं त्यांचं साधं म्हणणं होतं.

पाच वर्षांपूर्वी आजऱ्याला तालुक्याच्या शालेय स्पर्धा होत्या. शालनताई पंच म्हणून गेल्या होत्या. दुसऱ्या सामन्यात एका उंच, काटक मुलीनं पुढच्या गड्याच्या पाठीला हात लावला, गडी बाद झाला, शिट्टी वाजली. पण ही पोरगी थांबलीच नाही. रेघ ओलांडून थेट शाळेच्या कुंपणापर्यंत गेली आणि तिथून पळतच परत आली. ताईंनी विचारलं, "अगं, गडी बाद झालता की. मग कुठं निघालतीस?" ती म्हणाली, "थांबायला जमलंच न्हाय, बाई."

तिचं नाव क्रांती पोवार. वडील आकाराम काजूच्या कारखान्यात कामाला, घरी चार म्हशी. त्याच संध्याकाळी ताई त्यांच्या घरी जाऊन बसल्या. पोरगी बारावीला आहे, पुढं विद्यापीठात पाठवा, हॉस्टेलची सोय मी बघते, असं सगळं समजावून सांगितलं. आकाराम नुसते मान हलवत होते. आई बनाबाई चुलीपुढं बसून ऐकत होती. शेवटी तिनं एकच विचारलं, हॉस्टेलात दूध मिळतं का?

"मिळतं," ताई म्हणाल्या. "पण पाणी लई असतंय त्यात."

बनाबाई हसली. पुढं ती सगळ्यांना सांगायची की त्या बाईनं दुधाचं खरं सांगितलं, म्हणून मी पोरगी पाठवली.

क्रांती दीड वर्ष खो-खो खेळली. चांगलीच खेळली, पण ताईंना काहीतरी खटकत होतं. खो-खोचं मैदान सत्तावीस मीटर लांब. ही पोरगी वेग घ्यायला लागते तोवर खांब येतो. चित्त्याला परसात कोंडल्यासारखं ते दिसायचं. दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर एका सकाळी ताईंनी तिचं मनगट धरलं आणि तिला पलीकडच्या धावपट्टीवर गुंडू सरांकडे नेऊन उभं केलं. गुंडू सर म्हणजे फौजेतून निवृत्त झालेला ॲथलेटिक्सचा माणूस. पोट सुटलेलं, मिशा पांढऱ्या, दिवसाकाठी दहा वाक्यं बोलले तर खूप. त्यांनी तिला चारशे मीटर पळवलं, घड्याळात पाहिलं, घड्याळ हलवून पुन्हा पाहिलं, आणि ताईंना म्हणाले, "हिला इथंच ठेवा."

त्या वर्षी खो-खोचा संघ विभागीय स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरला. आपली सगळ्यात चांगली खेळाडू बाईंनी हातानं देऊन टाकली म्हणून पोरी महिनाभर फुगून होत्या. ताईंनी त्यांची समजूत घालायचा प्रयत्नच केला नाही. रोजच्या सरावात फक्त दोन फेऱ्या वाढवल्या.

गेल्या वर्षी क्रांती परदेशात विद्यापीठांच्या स्पर्धेत चारशे मीटरला दुसरी आली. कागल नाक्यापासून जीपमधून मिरवणूक निघाली. हलगी, गुलाल, जेसीबीतून फुलं, सगळं यथासांग झालं. पुढच्या महिन्यात कावळा नाक्याला तिचा तीस फुटी फलक लागला. 'ऊर्जिता' नावाची दुधात घालून प्यायची पावडर होती, तिच्या कंपनीनं क्रांतीशी करार केला होता. आकाराम फलक बघायला मुद्दाम आजऱ्याहून आले, बराच वेळ मान वर करून उभे राहिले आणि म्हणाले, "आमच्या म्हशीच्या दुधात पावडर घालायची वेळ अजून तर आली न्हाय." पण पहिल्या हप्त्यातून बनाबाईंनी गोठ्यावर नवे पत्रे घातले, तेव्हा ते काही बोलले नाहीत.

कंपनीनं विद्यापीठाशीही वेगळा करार केला. जाहिरातीत विद्यापीठाचं नाव आणि मैदान दिसणार, त्या बदल्यात दरवर्षी ठरावीक रक्कम मिळणार. क्रीडा संचालक अभिराम हेर्लेकरांनी बैठकीत ते जाहीर केलं, तेव्हा सगळ्यात मोठ्यानं टाळ्या शालनताईंनी वाजवल्या. मुलींच्या खेळासाठी बाहेरून पैसा येतोय हे त्या चोवीस वर्षांत पहिल्यांदा ऐकत होत्या.

धावपट्टीच्या दोन मार्गिका नव्या झाल्या. व्यायामशाळेत धावायचं यंत्र आलं आणि त्याच्यावर क्रांतीचा फोटो लागला. गुंडू सरांना नवी टोपी मिळाली. जूनमध्ये प्रवेश सुरू झाले, तेव्हा आईबाप मुलींना घेऊन थेट ताईंपुढं यायला लागले. हे आधी कधी घडलं नव्हतं. आधी ताईंनाच गावोगाव जाऊन आईबापांपुढं बसावं लागायचं. पण प्रश्न नवीन होता. पेठ वडगावचा एक गृहस्थ मुलीला घेऊन आला. मुलगी आडव्या बांध्याची, मजबूत पायांची, कबड्डीसाठीच घडवल्यासारखी. तो विचारत होता की जाहिरात कुठल्या खेळाला लवकर मिळते? ताईंनी मुलीला विचारलं, तुला काय आवडतं? ती बापाकडे बघत हळूच म्हणाली, कबड्डी. बाप म्हणाला, तिला काय कळतंय, तिला पळायला घाला. ताईंनी त्याला चहा पाजला, अर्धा तास बोलल्या. तरी त्यानं अर्जावर ॲथलेटिक्सच लिहिलं.

आणि ऑगस्टमध्ये पत्र आलं. महिला विभागाला आता बाहेरून निधी मिळत असल्यानं विद्यापीठ आपलं अनुदान निम्म्यावर आणत आहे. ताईंनी पत्र दोनदा वाचलं आणि तडक हेर्लेकर सरांच्या खोलीत गेल्या. सरांनी करार काढून दाखवला. कंपनीचा पैसा 'महिला ॲथलेटिक्स'साठी होता, तसे शब्दच होते. तो खो-खोला, कबड्डीला वापरता येत नव्हता. वरच्या मंडळींनी मात्र 'महिला' एवढंच वाचलं होतं आणि मुलींची आता सोय झाली असं धरून चालले होते.

"म्हणजे आमची गत अशी, की दोन्ही ताटात आमचं नाव आणि दोन्ही ताटं रिकामी," ताई म्हणाल्या.

हेर्लेकर सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. पुढच्या बैठकीत विषय मांडतो म्हणाले. पण पुढची बैठक नोव्हेंबरात होती, आणि विभागीय स्पर्धेआधीचं खो-खोचं पंधरा दिवसांचं शिबिर ऑक्टोबरात. शिबिर रद्द झालं.

संघाची कर्णधार अनुजा. तिसऱ्या वर्षाला, बुटकी, चपळ आणि तोंडानं फटकळ. ती सगळ्यांसमोर म्हणाली की क्रांतीदीच्या जाहिरातीनं आमचं शिबिर खाल्लं. ताईंनी तिला तिथंच झापलं. पोरगी तिच्या पायांवर कमावते, कुणाचं खात नाही. तरी त्या दिवसापासून मेसमध्ये खो-खोच्या मुली क्रांतीच्या टेबलापासून लांब बसू लागल्या. क्रांती ताट घेऊन यायची, क्षणभर उभी राहायची आणि एकटीच खिडकीपाशी बसायची. तिला कारण कुणी सांगितलं नव्हतं. ताईंनीही सांगितलं नाही. सांगितलं तर ते मागितल्यासारखं होईल, आणि ज्या पोरीला आपण बोट धरून आणलं तिच्यापुढं हात कसा पसरायचा, हे त्यांना कळेना.

सप्टेंबरात कंपनीची अदिती नावाची तरुण बाई पुण्याहून आली. नव्या जाहिरातीचं चित्रीकरण मैदानावरच करायचं होतं. अदिती बोलायला मोकळी, वागायला नम्र. तिनं ताईंना बाजूला घेऊन सांगितलं की या वेळी जाहिरातीत क्रांतीबरोबर तिची प्रशिक्षकही दाखवायची आहे, आणि ती भूमिका तुम्ही करावी. साडी, गळ्यात शिट्टी, कडक चेहरा. एका दिवसाचं काम. आणि मानधनाचा जो आकडा तिनं सांगितला, त्यात शिबिर आरामात झालं असतं.

"क्रांतीचे प्रशिक्षक गुंडू सर आहेत," ताई म्हणाल्या.

अदितीला ते माहीत होतं. पण बाईनं बाईला घडवलं, असं दाखवलं की लोकांच्या मनाला भिडतं, असं तिचं म्हणणं. तशीही तुम्हीच तिला शोधून आणलीत, मग फार खोटं तरी कुठं आहे?

ताई दोन दिवस त्याच विचारात होत्या. नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला घे की, पैसे काय तू घरी आणणार आहेस का, पोरींनाच जाणार. तेही खरं होतं. मग त्या गुंडू सरांकडे गेल्या. सर धावपट्टीच्या कडेला खुर्चीवर बसून कांदापोहे खात होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"करा की," ते म्हणाले. "माझं तोंड टीव्हीवर दिसलं तर पोरं दूध प्यायचं सोडतील."

त्यांना खरंच काही वाटलेलं दिसत नव्हतं. आणि तेच ताईंना जड गेलं. सर कुरकुरले असते, तर भांडून निकाल लावता आला असता. आता सगळं आपल्यावरच आलं. हा माणूस तीन वर्षं पावसात छत्री धरून त्या पोरीच्या वेळा लिहीत होता. तिच्या पायात गोळे यायचे तेव्हा घरून हळद-तेल गरम करून आणून देत होता. त्याच्या जागी आपण साडी नेसून उभं राहायचं, आणि पुन्हा त्याच पोरींना खरं खेळा म्हणून सांगायचं, हे ताईंना पचेना.

तिसऱ्या दिवशी त्यांनी अदितीला फोन केला. "मी जे न्हाय ते होत न्हाय," त्या म्हणाल्या. "पण मी जे हाय ते दाखवतो. संध्याकाळी मैदानावर या. क्रांतीला घेऊन."

अदिती आली. क्रांतीही आली, थोडी बावरलेली. ताईंनी तिला एवढंच सांगितलं की चप्पल काढ आणि चौकोनात बस. गुंडू सर कधी नव्हे ते धावत आले. चार दिवसांवर सराव चाचणी आहे, पाय मुरगळला तर काय करू, म्हणून काकुळतीला आले. ताई म्हणाल्या, दहा मिनिटं, आणि सूर मारायचा नाही.

मुली तोंडं पाडून बसल्या. पहिल्या दोन मिनिटांत क्रांतीला कुणी खो दिलाच नाही. तिच्या दोन्ही बाजूंनी खो जात होते, आणि ती चौकोनात उकिडवी बसून नुसती वाट बघत होती. पळणाऱ्या मुली मात्र हुशार. त्यांनी ओळखलं की या चौकोनातून कुणी उठत नाही, आणि त्या तिच्याच भोवती घिरट्या घालायला लागल्या. गडी हातचा सुटू लागला, तसा अनुजाचा राग क्रांतीवरून उडून गड्यावर गेला. ती क्रांतीच्या पाठीमागं आली आणि घसा फाडून ओरडली, "खो!"

क्रांती उठली ती अशी, की अदितीच्या हातातला फोन तसाच राहिला. तीन पावलांत गडी बाद. दुसरा गडी खांबाला वळसा घालत होता, तोही बाद. मग ती सवयीनं थांबलीच नाही, रेघ ओलांडून पार पाण्याच्या टाकीपर्यंत गेली, आणि सगळ्या पोरी खदखदून हसायला लागल्या. दहा मिनिटांची पंचवीस झाली. गुंडू सरांनी घड्याळाकडे बघायचं सोडून दिलं होतं.

"आता कळलं का, ही पळताना उठते कशी ते?" ताईंनी अदितीला विचारलं. "शर्यतीत ती खाली वाकते आणि बंदूक वाजली की उठते. ते उठणं इथलं हाय. पुढचं सगळं सरांचं. दोन्ही दाखवा. त्या शिकवणाऱ्याच्या जागी सरांस्नी उभं करा, आणि मला माझ्या पोरींच्यात. आणि ह्या पोरी फुकट दिसणार न्हाईत. प्रत्येकीला मानधन द्यायचं."

अदिती विचारून कळवते म्हणाली. तेवढ्यात टाकीपाशी वेगळंच काही चाललं होतं. क्रांती अनुजाला विचारत होती, की तुम्ही माझ्याशी बोलत का नव्हता? अनुजा फटकळच. तिनं पत्र, अनुदान, रद्द झालेलं शिबिर, सगळं एका दमात सांगून टाकलं. क्रांती तशीच ओल्या हातांनी ताईंकडे आली.

"ताई, एवढं झालं आणि मला सांगितलं न्हाय?"

"तुझ्या पळण्यात कशाला अडथळा," ताई म्हणाल्या.

"शिबिर माझंबी व्हतं की. मीबी तिथंच झोपत व्हतो, त्याच सतरंजीवर."

ताईंनी तिच्या केसांतली माती झटकली, आणि ती तशीच झटकत राहिल्या.

पुढच्या आठवड्यात क्रांतीनं स्वतः अदितीशी बोलणं केलं. तिच्या कराराचं दुसरं वर्ष सुरू व्हायचं होतं, सही बाकी होती. तिनं फार काही मागितलं नाही. विद्यापीठाच्या करारात जिथं 'महिला ॲथलेटिक्स' लिहिलंय, तिथं 'महिलांचे खेळ' लिहा, एवढंच. कंपनीच्या वरच्या लोकांना दोन शब्दांचा तो फरक मान्य व्हायला तीन आठवडे लागले. मान्यही एका वर्षापुरताच झाला. पुढच्या वर्षी पुन्हा बघू, असं त्यांनी लिहून दिलं. ताईंना त्याचं काही वाटलं नाही. अकरा वर्षं दर जूनमध्ये हेच वाक्य त्यांनी ऐकलं होतं.

चित्रीकरण दोन दिवस चाललं आणि त्यातला पहिला दिवस एका शब्दावर अडला. क्रांतीला पेला हातात धरून म्हणायचं होतं, मी रोज ऊर्जिता पिते. ती दर वेळी म्हणायची, "मी रोज ऊर्जिता पितो." कोल्हापूरकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना करतो, जातो, पितो असंच म्हणतात, ते पुण्याहून आलेल्या दिग्दर्शकाला माहीत नव्हतं. त्यानं प्रेमानं चूक सुधारून दिली. क्रांतीनं मान हलवली, आणि पुन्हा पितो. अकराव्या वेळी तो ताईंना म्हणाला, तुम्ही जरा समजावून सांगा तिला. ताई म्हणाल्या, "सांगतो की." तो डोक्याला हात लावून खाली बसला. शेवटी त्या वाक्याला मुंबईच्या कुण्या मुलीचा आवाज जोडला. जाहिरात लागली तेव्हा बनाबाईंनी फोन करून विचारलं, की पोरीचा घसा बसलाय का?

चाळीस सेकंदांच्या त्या जाहिरातीत खो-खो मोजून पाच सेकंद आहे. ताईंची पाठ दिसते आणि हात वर केलेला दिसतो. गुंडू सर नव्या टोपीत धावपट्टीच्या कडेला उभे आहेत, आणि मिशीत हसू दाबायचा त्यांचा प्रयत्न साफ फसलेला आहे. अनुजा सबंध पडदाभर दिसते, आ वासून 'खो' म्हणताना. तिच्या आजीनं म्हणे गल्लीतल्या सगळ्या घरांत जाऊन टीव्ही लावायला लावला.

नोव्हेंबरच्या बैठकीत हेर्लेकर सरांनी शब्द पाळला. जाहिरात सगळ्यांनी पाहिलेली, त्यामुळं खो-खो हा विषय समजावून सांगावा लागला नाही. कापलेल्या अनुदानातलं निम्मं परत आलं. सगळं नाही आलं. विभागीय स्पर्धा तोवर होऊन गेली होती. शिबिराविना संघ तिसरा आला. ताईंना वाटलं होतं, त्यापेक्षा दोन जागा वर.

मुलींना मिळालेलं मानधन आणि कंपनीचा नवा निधी यातून काय करायचं, हे पोरींनीच ठरवावं असं ताईंनी म्हटलं. सगळ्या मैदानात गोल करून बसल्या. क्रांतीही होती, दोन कबड्डीच्या मुलीही होत्या. पहिल्यांदा बूट निघाले. मग पाठीवर नाव छापलेले ट्रॅकसूट. एकीला स्पर्धेला जाताना रेल्वेत बसायची पक्की जागा हवी होती. ताई ऐकत होत्या. त्यांच्या मनात बूटच होते.

मग अनुजा म्हणाली, "एक विचारतो. खरं सांगायचं. आत्ता कुणाकुणाचं काही दुखतंय? हात वर करा."

पंधराजणी होत्या. आधी एक हात वर गेला, मग दुसरा. शेवटी तेरा हात वर होते. कुणाचा गुडघा, कुणाची कंबर, कुणाचा खांदा, कुणाची टाच. एकीची करंगळी दोन महिन्यांपूर्वी मोडून तशीच जुळलेली होती, आणि ती तशीच खेळत होती.

ताई त्या हातांकडे बघत राहिल्या. चोवीस वर्षं त्यांनी दुखतंय म्हटलं की हळद लाव आणि उद्या ये, एवढंच सांगितलं होतं. त्यांनाही कुणीतरी तसंच सांगितलं होतं म्हणून. हात वर करायला मात्र त्यांनी एकदाही सांगितलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "ठरलं मग. बूट जुनेच घालायचे."

त्या निधीतून आता मंगळवारी आणि शुक्रवारी पेठ वडगावहून एक तरुण फिजिओ स्कूटरवरून येते. सामानाच्या खोलीतल्या मॅट एका भिंतीला लावून तिथं एक टेबल ठेवलंय. सकाळी सातला दारापुढं पोरींची रांग असते. खो-खोच्या, कबड्डीच्या, पळणाऱ्या, सगळ्या एकाच रांगेत. क्रांतीचा नंबर आला तरी तिला कुणी पुढं घेत नाही, आणि तीही मागत नाही. पेठ वडगावच्या त्या गृहस्थाची मुलगीही रांगेत असते. जानेवारीत तिनं स्वतःच येऊन ताईंना सांगितलं की पळून पळून कंटाळा आला. बापाला काय सांगायचं ते तुम्ही बघा. ताईंनी बघितलं. पुन्हा चहा पाजावा लागला, पण या वेळी तो अर्ध्या तासात उठला नाही, मुलीची चढाई बघायला थांबला.

गेल्या शुक्रवारी शेवटची मुलगी गेल्यावर फिजिओनं टेबलावरची चादर सारखी केली आणि दारात उभ्या असलेल्या ताईंना म्हणाली, आता तुम्ही या.

"मला काय झालंय?"

"तुम्ही पायरी अंग तिरकं करून उतरता. मी चार महिने बघतेय."

ते खरं होतं. उजवा गुडघा सव्विसाव्या वर्षी राज्य स्पर्धेत खांबावर आपटला होता. ती त्यांची शेवटची स्पर्धा. लोकांना लग्न झालं म्हणून खेळ सुटला असं वाटायचं, आणि ताईंनी ते तसंच राहू दिलं होतं. गुडघ्याचं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगून करायचं काय होतं?

त्या टेबलावर झोपल्या. वर पत्र्याला लागलेला पंखा गरगरत होता. फिजिओनं गुडघा वाकवला, सरळ केला, बोटांनी चाचपला. बरंचसं सुधारेल, म्हणाली, पण रोज व्यायाम करावा लागेल, सहा आठवडे, चुकवायचा नाही. पाय सरळ ठेवून वर उचलायचा, दहापर्यंत धरायचा, सोडायचा. असं पंधरा वेळा.

आवाज ऐकून अनुजा आत डोकावली. तिच्यामागं क्रांती, आणि क्रांतीच्या मागं आणखी चार-पाचजणी. ताई म्हणाल्या, बघताय काय, आपापल्या कामाला जा. कुणी गेलं नाही. अनुजा टेबलाच्या उशाशी येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. सहाव्या वेळी ताईंनी पाय खाली टाकला आणि आज एवढं पुरे म्हणाल्या.

"नऊ राहिले," अनुजा म्हणाली. "उचला."

बाकीच्या पोरी एका सुरात मोजायला लागल्या. ताईंनी पंख्याकडे बघत एक शिवी गिळली आणि पाय उचलला.